चोवीस पॉड, एक हजार चोवीस जागा, आणि तरीही टक्कर

घाटमाथा | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, गेले पंधरा दिवस एका प्रकरणानं डोकं खाल्लंय. आता निस्तरत आलंय, पण पक्का उपाय कोणता यावर आमच्या टीममध्ये चार जणांची पाच मतं आहेत, म्हणून इथं मांडतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचं काम पार्सलचं. काउंटरवर पार्सल घेतलं की नोंद तयार होते आणि तिला एक क्रमांक मिळतो. दिवसाला साधारण चार लाख नोंदी, सकाळी नऊ ते रात्री नऊ. डेटाबेस शाखांनुसार आठ शार्डमध्ये, म्हणजे आठ वेगळ्या तुकड्यांमध्ये, वाटलेला आहे. त्यामुळे ऑटो-इन्क्रिमेंटचा (डेटाबेसनंच पुढचा आकडा देण्याचा) उपयोग नाही. आठही शार्ड आपापलं एक-दोन-तीन मोजत बसतील आणि एकाच नंबरची आठ पार्सलं राज्यभर हिंडतील. म्हणून आमच्या आधीच्या लोकांनी स्नोफ्लेक बसवलं होतं.

ज्यांचा याच्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी: ट्विटरनं २०१० मध्ये आणलेली ही पद्धत. ६४ बिटांचा आकडा. पहिला बिट रिकामा, पुढचे ४१ बिट मिलिसेकंदातली वेळ, मग १० बिट वर्कर नंबर (नंबर देणाऱ्या मशीनचा क्रमांक), शेवटचे १२ बिट त्या एका मिलिसेकंदातला अनुक्रम. म्हणजे १०२४ वर्कर, आणि प्रत्येकाला दर मिलिसेकंदाला ४०९६ नंबर देता येतात. कुणी कुणाला विचारायचं नाही. आरटीओसारखंच. पुण्याचं एमएच १२, साताऱ्याचं एमएच ११. नव्या गाडीला नंबर देताना पुण्याचं ऑफिस साताऱ्याला फोन करत नाही.

पूर्वी सहा सर्व्हर होते. प्रत्येकाचा वर्कर नंबर कॉन्फिग फाइलमध्ये हातानं लिहिलेला, १ ते ६. कधी तक्रार नाही. मग आम्ही कुबरनेटीसवर गेलो, ही यंत्रणा प्रोग्रामच्या प्रती आपोआप चालवते आणि बंद करते; अशा एका चालत्या प्रतीला पॉड म्हणतात. तिथं पॉड येतात, मरतात, नव्या नावानं जन्माला येतात. त्यांचे नंबर हातानं लिहिणार कोण? तेव्हा एका हुशार माणसानं (मीच तो, लपवत नाही) पॉडच्या नावाचा हॅश (नावावरून ठरणारा, पण रँडम वाटणारा आकडा) काढला, त्याला १०२४ नं भागलं आणि उरलेली बाकी वर्कर नंबर म्हणून वापरली. पॉड २४, जागा १०२४. म्हटलं, कशाला होतेय टक्कर. रिव्ह्यूमध्ये दोघांनी मंजूरही केलं.

महिनाअखेरीला हिशेबखात्यातून मेल आला. काउंटरवरची जमा आणि अहवालातली जमा जुळेना. फरक किरकोळ होता, तरी होता. आठ दिवस खणल्यावर कळलं, दोन पॉडना एकच वर्कर नंबर मिळाला होता. शार्डना काही कळायचा प्रश्नच नव्हता, कारण दोन्ही नोंदी वेगवेगळ्या शार्डमध्ये गेल्या आणि प्रत्येक शार्डच्या दृष्टीनं त्याच्याकडचा नंबर एकमेवच होता. पण अहवालाच्या डेटाबेसमध्ये सगळं एकत्र येतं, आणि तिथं आम्ही अपसर्ट करतो. नंबर नवा असेल तर घाल, असेल तर बदल. दुसरी नोंद पहिलीवर बसली. चूक नाही, इशारा नाही, लॉगमध्ये ओळ नाही. सहा दिवसांत ३९ नोंदी अशा गिळल्या गेल्या. पुढच्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे नवं व्हर्जन चढवलं, पॉडची नावं बदलली आणि प्रकार आपोआप थांबला. म्हणूनच शोधायला एवढा वेळ लागला.

तर प्रश्न असा: वर्कर नंबर द्यायचा कसा?


पोहे_विथ_शेव | सोमवार, रात्री ११:२४

यूयूआयडी चार वापरा, १२८ बिटांचा, जवळजवळ सगळा रँडम आकडा. विषय संपला. २०१० च्या गोष्टी कशाला उगाळताय?


फळा आणि खडू | सोमवार, रात्री ११:५२

मी या क्षेत्रातली नाही, गणित शिकवते. पण "२४ पॉड, १०२४ जागा" वाचून राहवेना.

वर्गात २३ मुलं असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तरी प्रत्यक्षात प्रत्येक जण जागा आणि माणसं यांचीच तुलना करतो. मोजायच्या असतात जोड्या. २४ पॉडमध्ये २४ × २३ ÷ २ म्हणजे २७६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीची टक्कर व्हायची शक्यता १०२४ मध्ये एक. हिशेब पुरा केला तर कुठं तरी टक्कर व्हायची शक्यता येते जवळजवळ २४ टक्के. ३८ पॉड असते तर थेट निम्मी.

आणि तुम्ही दर शुक्रवारी नवी नावं देताय म्हणजे दर शुक्रवारी फासे नव्यानं टाकताय. दहा शुक्रवारांत एकदा तरी टक्कर होण्याची शक्यता ९३ टक्क्यांच्या आसपास. नशीब वाईट नव्हतं तुमचं. उलट इतके दिवस निभावलं कसं, हे विचारा.


घाटमाथा | मंगळवार, सकाळी ७:४०

ताई, दंडवत. हा हिशेब रिव्ह्यूच्या वेळी कुणी केला असता तर माझी दिवाळी बरी गेली असती.


जुना डीबीए | मंगळवार, सकाळी ९:०५

उरलेला हिशेब मी करतो. चार लाख भागिले २४ म्हणजे एका पॉडकडे दिवसाला साधारण १६,६६७ नोंदी. बारा तासांत मिलिसेकंद ४ कोटी ३२ लाख. तुमच्याकडे गर्दी फार नाही, त्यामुळे बहुतेक मिलिसेकंदांत एखादीच नोंद, आणि तिचा अनुक्रम शून्य. म्हणजे वर्कर नंबर एक झाला की दोघांनी एकाच मिलिसेकंदाला नोंद करणं एवढंच टक्करीला पुरे. १६,६६७ चा वर्ग भागिले ४ कोटी ३२ लाख म्हणजे दिवसाला सहा-सात. सहा दिवसांचे ३९. बरोबर बसतंय. म्हणजे एकच जोडी होती, दुसरी शोधू नका.


घाटमाथा | मंगळवार, सकाळी ९:३०

काका, खरंच दुसरी जोडी शोधायला आज एक माणूस बसवला होता. उठवतो त्याला.


पोहे_विथ_शेव | मंगळवार, सकाळी १०:१५

अनुक्रम दर मिलिसेकंदाला शून्यापासून सुरू न करता कुठूनही, रँडम सुरू केला तर? ४०९६ पट कमी टकरी.


जुना डीबीए | मंगळवार, सकाळी १०:४१

ती क्रोसिन झाली. ताप उतरेल, पण आजार तसाच राहील आणि कळेनासा होईल. आत्ता सहा दिवसांत ३९ गेल्या म्हणून हिशेब चुकला आणि कुणीतरी मेल केला. दोन वर्षांत एखादीच गेली असती तर कुणाला पत्ता लागला असता? दोघांना एकच वर्कर नंबर मिळालाय, यावर उपाय करा.


वाचनमात्र | मंगळवार, दुपारी १:१०

पहिल्यांदाच लिहितोय, प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. एवढा खटाटोप करण्यापेक्षा नंबर द्यायला एकच मशीन का ठेवत नाहीत? बँकेत टोकनचं यंत्र एकच असतं तसं.


जुना डीबीए | मंगळवार, दुपारी २:३०

बाळबोध अजिबात नाही. फ्लिकर हे फोटोंचं संकेतस्थळ तसंच करत होतं. २००६ पासून त्यांच्याकडे नंबर देण्यापुरते वेगळे मायएसक्यूएल डेटाबेसचे सर्व्हर होते, तिकीट सर्व्हर म्हणत त्यांना. एकच ठेवला आणि तो बंद पडला तर सगळं दुकान बंद, म्हणून दोन ठेवले. एक विषम आकडे देणार, दुसरा सम. दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही. एक गेला तर दुसऱ्यावर काम चालू. मागं-पुढं व्हायचे थोडे आकडे, त्याचं त्यांना काही वाटत नसे. इतकी साधी गोष्ट होती की लोकांना लिहायला लाज वाटावी, पण चालली.

पण प्रत्येक नोंदीसाठी जाळ्यावरून एक फेरी घालावी लागते. ती टाळायची तर गणपतीच्या वर्गणीची पद्धत. मंडळाचा खजिनदार पावतीपुस्तकं वाटतो. हे १०१ ते २००, तू घे आणि पेठेत फिर. हे २०१ ते ३००, तू नदीपलीकडे जा. दर पावतीला कुणी खजिनदाराला विचारत नाही. पुस्तक संपलं की नवं घ्यायला यायचं. आमच्यात याला हाय-लो म्हणतात. ओरॅकलचा सीक्वेन्सही हेच करतो. क्लस्टरमधला प्रत्येक सर्व्हर मुळात २० आकड्यांचं पुस्तक खिशात घालून बसतो. त्यामुळे आमच्याकडे साहेब लोक कायम विचारत, "४१ नंबर आधी आणि २३ नंतर कसा आला?" नदीपलीकडचा कार्यकर्ता उशिरा उठला, दुसरं काय.

तोटा एकच. अर्धी वापरलेली पुस्तकं. कार्यकर्ता गावी गेला, त्याच्या पुस्तकातले ६० आकडे वाया. मध्ये भोकं पडतात.


ताळेबंद | मंगळवार, दुपारी ३:०२

ही भोकं आमच्या डोक्यावर पडतात हो काका. मी हिशेबखात्यातली, (या कंपनीतली नव्हे, पण असे मेल पाठवणारी तीच मी).

आयटीवाल्यांनी एकदा लक्षात ठेवावं. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बीजकाचा क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात एकमेव हवा, आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. एकापेक्षा जास्त मालिका चालतात, शाखेगणिक वेगळी ठेवा. पण तुमचा तो हिमकण (स्नोफ्लेक) १९ आकडी झाला तर बीजकावर बसतच नाही. यूयूआयडी तर ३६ अक्षरी. आमच्याकडे एका पोरानं खरोखर तसं छापलं होतं. ग्राहकानं फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली, मी म्हटलं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा.

दुसरं. एक्सेलमध्ये १५ आकड्यांच्या पुढं शून्यं होतात. तुमच्या १९ आकड्यांतले शेवटचे चार गेले. दोन वेगळ्या पावत्या मला एकच दिसतात. त्यातून १.८२ई+१८ असं काही तरी आलं की मी लॅपटॉप मिटून ठेवते.


घाटमाथा | मंगळवार, दुपारी ३:३५

म्हणजे हिशेबखात्याच्या पहिल्या मेलमध्ये "शेकडो दुबार नंबर" लिहिलं होतं ते एक्सेलमुळे! आम्ही ते खोटं ठरवून दोन दिवस गप्प बसलो होतो, आणि त्या शेकड्यांच्या आड खरे ३९ लपले होते. कपाळ.


सॅन होजेची सून | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

ब्राउझरमध्येही तेच होतं. जावास्क्रिप्टचा आकडा ५३ बिटांपर्यंतच अचूक असतो, ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ पर्यंत. त्यापुढं शेवटचे आकडे आपोआप गोल होतात. ट्विटरलाही स्नोफ्लेक आणताना हे भोगावं लागलं, म्हणून त्यांनी प्रत्येक आयडी आकडा म्हणून एकदा आणि मजकूर म्हणून एकदा असा दोनदा द्यायला सुरुवात केली. पडद्यावर आयडी कधीही आकडा म्हणून पाठवू नका, अक्षरं म्हणून पाठवा. आमच्याकडे हा बग तीन वेळा नव्यानं सापडलाय, दर वेळी नवा इंजिनिअर.


पोहे_विथ_शेव | मंगळवार, रात्री ९:४५

सगळ्यांनी बीजक, गणपती, एक्सेल केलं, पण यूयूआयडीत नेमकं वाईट काय ते कुणी सांगितलं नाही. १२२ बिट रँडम आहेत. फळा ताई, तुमचा वाढदिवसाचा हिशेब इथं लावा.


फळा आणि खडू | मंगळवार, रात्री १०:३०

लावला. निम्मी शक्यता यायला सुमारे २.७१ × १०^१८ आकडे काढावे लागतील. दर सेकंदाला शंभर कोटी काढत राहिलात तर जवळजवळ ८६ वर्षं. गणिताच्या बाजूनं तुमचं बरोबर आहे, पैकीच्या पैकी मार्क. फक्त फासे खरे असले पाहिजेत.


मीठभाकर | बुधवार, सकाळी ६:५०

सिंगापूरहून. सर्व्हर सांभाळण्याची नोकरी आहे, त्यामुळे फासे खोटे निघालेले पाहिले आहेत.

डेबियन या लिनक्सचं प्रकरण जुन्यांना आठवत असेल. सप्टेंबर २००६ मध्ये त्यातल्या ओपनएसएसएलमधल्या (गुप्त चाव्या बनवणारं सॉफ्टवेअर) दोन ओळी गाळल्या गेल्या, आणि मे २००८ पर्यंत रँडम आकड्यांचं बीज म्हणून फक्त प्रोसेसचा नंबर उरला. ३२,७६८ शक्यता, बस. कितीही बिटांची चावी काढा, निघणार त्याच ढिगातून. दिसायला सगळं रँडम. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेऊन त्याच्या दहा प्रती उठवल्या तरी तसंच होऊ शकतं. दहाही जण झोपेतून एकाच स्वप्नाच्या मध्यावर जागे होतात, आणि ज्या प्रोग्रामनं बीज स्वतःजवळ साठवून ठेवलंय तो दहा ठिकाणी तोच आकडा काढतो. कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) रँडम घेतलंत तर आज बहुतेक ठिकाणी काळजी नाही. स्वतःचा रँडम लिहू नका, एवढं पाळा.

बाकी नव्या कामासाठी मीही पोहेंच्याच बाजूचा, फक्त यूयूआयडी चार नव्हे, सात.


जुना डीबीए | बुधवार, सकाळी ९:२०

सहमत, आणि चार का नको तेही सांगतो, कारण त्याचं बिल डेटाबेसवाल्यांच्या नावावर फाटतं.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये (नोंदी साठवणाऱ्या भागात) सगळी नोंद प्रायमरी कीच्या, म्हणजे तिच्या मुख्य नंबराच्या, क्रमानं रचलेली असते, १६ केबीच्या पानांमध्ये. नंबर चढता असेल तर नवी नोंद कायम शेवटच्या पानावर. ते पान मेमरीत असतंच. नंबर रँडम असेल तर प्रत्येक नोंद वेगळ्या पानावर, भरलेलं पान फोडून दोन करायची, अर्धी रिकामी पानं वाढत जायची. टेबल मेमरीत मावतं तोवर कुणाला कळत नाही. मावेनासं झालं की एका आठवड्यात सगळं हळू होतं आणि लोक म्हणतात, काल तर चालत होतं! शिवाय प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये प्रायमरी की पुन्हा लिहिली जाते. ती १६ बाइटऐवजी ३६ अक्षरांचा मजकूर म्हणून साठवणारे महाभाग आहेतच.

यूयूआयडी सातमध्ये पहिले ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ, बाकी बहुतेक रँडम. नवी नोंद शेवटाकडेच जाते. मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ ही इंटरनेटची नियमावली आली, तिच्यात ती अधिकृत झाली. पोस्टग्रेस १८ या डेटाबेसमध्ये तर फंक्शनच दिलंय. लोक हे दहा-बारा वर्षं आपापल्या परीनं बनवतच होते. यूएलआयडी पाहा, ४८ बिट वेळ, ८० बिट रँडम, २६ अक्षरं, आणि यू वगळलेलं, चुकून शिवी बनू नये म्हणून, शिवाय आय, एल, ओ ही अक्षरंही, एक-शून्याशी घोटाळा नको म्हणून. गाडीच्या नंबरात आय आणि ओ नसतात ते त्याच कारणानं.

अवांतर: यूयूआयडी एकमध्ये वेळ मोजली जाते १५ ऑक्टोबर १५८२ पासून, शंभर-शंभर नॅनोसेकंदांनी. युरोपात नवं कॅलेंडर सुरू झालं ती तारीख. शिवजन्माच्याही आधीपासून आपले सर्व्हर घड्याळ लावून बसलेत, असं मी नव्या पोरांना सांगतो.


घाटमाथा | बुधवार, सकाळी ११:००

आमच्या ६४ बिटांच्या कॉलमला सगळीकडे लोक चिकटलेत. बारकोड, स्कॅनर, तीन भागीदारांच्या प्रणाली. १२८ बिटांवर जायचं तर वर्षभराचं काम. म्हणून स्नोफ्लेकच ठेवावं लागणार. वर्कर नंबरसाठी स्टेटफुलसेटचा विचार चाललाय. त्यात पॉडना कायम ० ते २३ असे ठरलेले नंबर मिळतात, मेला तरी त्याच नंबरानं परत येतो.


मीठभाकर | बुधवार, दुपारी १२:१५

चांगलं आहे. मूळ स्नोफ्लेक वर्कर नंबरासाठी झूकीपरकडे (अनेक मशीनचा मेळ ठेवणारं सॉफ्टवेअर) जात असे, तुमचं काम कुबरनेटीस करेल. सोनीफ्लेकवाले (स्नोफ्लेकचाच एक प्रकार) मशीनच्या खासगी आयपी पत्त्याचे शेवटचे १६ बिट घेतात, तेही चालतं, जोवर दोन वेगळी जाळी एकत्र जोडली जात नाहीत. गंमत पाहा, पार्सलला एकमेव नंबर देण्याचा प्रश्न सुटला नाही, तो मशीनला एकमेव नंबर देण्यावर सरकला. तोही कुणीतरी एकानंच वाटावा लागतो. फरक एवढाच की दिवसाला चार लाख वेळा वाटण्याऐवजी चोवीस वेळा वाटायचा.

पण सावध. तुमचा सात नंबरचा पॉड एका मशीनवर मेला आणि दुसरीकडं उठला. दुसऱ्या मशीनचं घड्याळ ४० मिलिसेकंद मागं असेल तर? घड्याळ मागं गेलं तर नंबर देऊ नको, ही स्नोफ्लेकमधली तपासणी प्रोसेसच्या स्मृतीत असते. नव्या प्रोसेसला काहीच आठवत नाही. तो आनंदानं त्याच मिलिसेकंदांचे नंबर पुन्हा देतो.

आणि घड्याळं मागं जातात. एनटीपी (जाळ्यावरून घड्याळ जुळवणारी व्यवस्था) लहान फरक हळूहळू भरून काढतं, पण १२८ मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला आणि टिकला की सरळ काटे फिरवतं. लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळं जुळवायला मध्येच वाढवतात तो सेकंद, तर विचारू नका. १ जुलै २०१२, भारतात पहाटेचे साडेपाच. लिनक्स कर्नलमधल्या एका चुकीमुळे जगभर सर्व्हरचे सीपीयू शंभर टक्क्यांवर गेले. उपाय काय होता, तर तारीख आहे तीच पुन्हा सेट करायची! नंतर १ जानेवारी २०१७ ला, पुन्हा साडेपाचलाच, क्लाउडफ्लेअर कंपनीच्या डीएनएसमधला (संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या सेवेतला) एक भाग पडला, कारण दोन वेळांची वजाबाकी ऋण येऊ शकते हे कोडला ठाऊक नव्हतं. आता उशिरात उशिरा २०३५ पर्यंत लीप सेकंदाची पद्धतच बंद करायचं २०२२ मध्ये ठरलंय, तेवढाच दिलासा.

तुमच्यासाठी: प्रत्येक वर्करनं पुढच्या दहा सेकंदांची हद्द आधी कुठंतरी पक्की नोंदवायची, ईटीसीडीत (कुबरनेटीसचं नोंदींचं कोठार) म्हणा किंवा डेटाबेसमध्ये. "मी अमुक वेळेपर्यंतचे नंबर देईन." हद्द संपायच्या आत पुढची नोंदवायची. पॉड मेला आणि नवा आला, तर त्यानं जुनी हद्द वाचायची आणि आपलं घड्याळ तिच्यापुढं जाईपर्यंत गप्प बसायचं.


मीठभाकर | बुधवार, दुपारी १२:१५

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे, दोनदा पडला.)


वाचनमात्र | बुधवार, दुपारी १२:४०

धाग्याच्या विषयाला साजेसं झालं!


सॅन होजेची सून | बुधवार, संध्याकाळी ८:१०

हसू नका, हा खरा मुद्दा आहे. मीठभाकरांच्या दोन्ही प्रतिसादांना इथल्या सर्व्हरनं दोन वेगळे, अगदी एकमेव नंबर दिले. नंबर एकमेव होते, प्रतिसाद मात्र एकच. काउंटरवर नेट अडकलं आणि मुलानं बटण दोनदा दाबलं तर तुमची यंत्रणा एका पार्सलला दोन सुंदर स्नोफ्लेक देणार. तिथं नंबर सर्व्हरनं नव्हे, फोननं द्यायला हवा, बटण पहिल्यांदा दाबायच्या आधी. पुन्हा दाबलं तरी तोच नंबर जातो आणि सर्व्हर म्हणतो, हे मी पाहिलंय. हजारो फोनना वर्कर नंबर वाटत बसणं अशक्य, म्हणून तिथं यूयूआयडीच. पार्सलच्या नंबरासोबत हा वेगळा कॉलम ठेवा, बारकोडवर छापायची गरज नाही.


पोहे_विथ_शेव | बुधवार, रात्री ८:३२

म्हणजे यूयूआयडी आलाच शेवटी. पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं. हलकेच घ्या.


सॅन होजेची सून | बुधवार, रात्री ९:०५

आणखी एक, मग थांबते. नंबर ग्राहकाला दिसणार असेल तर तो काय काय सांगतो ते पाहा. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या संख्याशास्त्रज्ञांनी पकडलेल्या जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे अनुक्रमांक पाहून महिन्याचं उत्पादन काढलं होतं. ऑगस्ट १९४२ साठी हेरांचा अंदाज होता १५५०, अनुक्रमांकांवरून आला ३२७. युद्धानंतर कागद सापडले तेव्हा खरा आकडा निघाला ३४२. तुमच्या सलग पावत्यांवरून प्रतिस्पर्धी तेच करेल. सकाळी एक पार्सल टाकायचं, रात्री एक. स्नोफ्लेकमध्ये एवढं उघडं पडत नाही, पण नोंद कोणत्या मिलिसेकंदाला झाली ते कुणालाही वाचता येतं. आधारचा नंबर म्हणूनच मुद्दाम रँडम ठेवलाय. बारापैकी शेवटचा आकडा पडताळणीचा, व्हरहॉफच्या पद्धतीचा, म्हणजे टाइप करताना एक आकडा चुकला की लगेच कळतं. हातानं टाइप व्हायचा नंबर असेल तर तेवढं तरी उचला.


कोकणकडा | गुरुवार, सकाळी ८:००

फक्त एक विचारतो. तुमचा काळ कुठून मोजताय? ४१ बिटांत जेमतेम पावणेसत्तर वर्षंच मावतात. ट्विटरनं स्वतःची सुरुवात नोव्हेंबर २०१० ला धरली, डिस्कॉर्डनं १ जानेवारी २०१५. पण मी दोन ठिकाणी पाहिलंय, लोक युनिक्सची १९७० चीच वेळ तशीच कोंबतात. मग डबा सप्टेंबर २०३९ ला भरतो.


घाटमाथा | गुरुवार, सकाळी ८:२५

... १९७० च आहे.

निवृत्तीच्या आत येतंय हे.


घाटमाथा | पुढच्या आठवड्यातला शनिवार, दुपारी ४:३०

अपडेट देतो, विचारणारे बरेच आहेत.

स्टेटफुलसेट चढलं. हद्दीची नोंद मीठभाकरांनी सांगितली तशी, दहा सेकंदांची. पॉड उठल्यावर सुरुवातीला गप्प बसतो, पहिल्या दिवशी सपोर्टवाल्यांना वाटलं अडकला. अहवालातलं अपसर्ट काढलं. आता तोच नंबर वेगळ्या मजकुरासह दुसऱ्यांदा आला तर ती नोंद बाजूला पडते आणि फोन वाजतो. हे खरं तर पहिल्याच दिवशी हवं होतं, कारण टक्कर होऊनही कुणी ओरडलं नाही यातच आमचे आठ दिवस गेले. बीजकाची मालिका वेगळी केली, शाखेनुसार, काकांच्या पावतीपुस्तकाऐवजी सरळ त्या त्या शार्डमध्ये कुलूप लावून एकेक वाढवतो. दिवसाला एका शाखेची काही हजार बीजकं, तेवढ्याला हळू चाललं तरी परवडतं. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स वापरायचा मोह झाला होता, पण व्यवहार मागं घेतला तरी त्याचा आकडा परत येत नाही, म्हणजे पुन्हा भोकं आणि ताळेबंद ताईंचे मेल.

फोनवरच्या यूयूआयडीचं काम पुढच्या महिन्यात. १९७० चं काय करायचं ते ठरलेलं नाही. कालारंभ आता बदलला तर नवे नंबर जुन्यांपेक्षा लहान होतील आणि काही वर्षांनी जुन्यांवरच आदळतील. रिकामा ठेवलेला पहिला बिट उघडून आणखी जेमतेम पावणेसत्तर वर्षं मिळवायची एका सहकाऱ्याची कल्पना आहे, पण मग निम्म्या प्रोग्रामिंग भाषांमध्ये नंबर ऋण दिसेल.

३९ पैकी ३९ नोंदी शार्डमधून परत मिळाल्या, जमा जुळली.


ताळेबंद | शनिवार, संध्याकाळी ५:१०

जुळली ना, मग झालं. आता तो कॉलम एक्सेलमध्ये टेक्स्ट करून पाठवा त्या बाईंना.


घाटमाथा | शनिवार, संध्याकाळी ५:१४

पाठवला. त्यांनी उघडून सीएसव्ही म्हणून सेव्ह केला आणि परत पाठवलाय. शेवटी चार शून्यं आहेत.